निसर्ग मंडळाची एकुलती एक दुर्बीण

मी दुर्बीण. शाळेच्या निसर्ग मंडळाची, एकुलती एक. कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या बहिणी कुणी नाटकाला गेल्या, कुणी घोड्यांच्या शर्यतीला. माझ्या वाट्याला आलं एक तळं आणि पंधरा पोरं. मला विचाराल तर मीच नशीबवान. पलीकडच्या काठावर बसलेल्या पाणकावळ्याच्या डोळ्याचा रंग मी सांगू शकते. उगाच विनय दाखवायची मला सवय नाही.

मला सांभाळायच्या विज्ञानाच्या बाई. त्यांची शिस्त कडक. पक्षी दिसला की लगेच नाव घ्यायचं नाही. आधी आकार सांगायचा, मग चोच, मग तो काय करतोय ते. नाव सगळ्यात शेवटी, पुस्तक उघडून. आणि जो पक्षी कुणी न दाखवता स्वतः शोधून ओळखला, त्याचंच नाव त्या मुलाला मंडळात मिळायचं. त्यामुळे आमच्यात एक घार होती, एक खंड्या होता आणि अखंड बडबडणारी एक साळुंकी होती.

सहावीतल्या एका मुलीला मात्र नाव नव्हतं. सहा महिने झाले तरी सगळे तिला 'नवी' म्हणत. बाकीचे "तो बघ, तो बघ" करत बोट दाखवायचे आणि ती भलत्याच झाडाकडे बघून मान डोलवायची. मी हातात आले की आधी मला आभाळभर फिरवायची. चुकून पक्षी सापडलाच, तर माझं मधलं चाक पार टोकाला वळवायची आणि श्वास रोखून बघत राहायची. तिच्याइतकं मन लावून माझ्यातून कुणीच बघितलेलं नाही.

अडचण व्हायची ती तिच्यानंतरच्यांची. मी त्यांच्या हातात गेले की सगळं धूसर.

"बाई, ही दुर्बीण बिघडली!" खंड्या ओरडला.

"बिघडली नाही काही. नवीनं परत चाक फिरवून ठेवलंय," साळुंकीनं चुगली केली.

मी बिघडले? माझा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार कशी? बाईंनी स्वतःच्या नजरेनं चाक जुळवलं आणि वरून चिकटपट्टी लावून टाकली. "आता कुणीही चाकाला हात लावायचा नाही." एवढ्या हुशार बाई, पण तिथे चुकल्या.

त्या दिवसापासून नवीला माझ्यातूनही काही दिसेना. मला डोळ्यांना लावायची आणि लगेच पुढच्याला देऊन टाकायची. तिसऱ्या रविवारी तिनं आपली वही बाईंच्या हातात ठेवली.

"बाई, मी आता येत नाही. सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही. मला नाही जमत हे."

"अगं, नीट बघितलं की दिसतं," बाई म्हणाल्या खऱ्या, पण वही चाळताना मध्येच थांबल्या. जुन्या पानावर लिहिलं होतं, 'काळा. चोच टोकाला वाकलेली. डोळा हिरवा. पंख पसरून वाळवतोय. साळुंकीनं दाखवला.' पुढच्या पानांवर नुसतंच 'काळं काहीतरी'. मधली तारीख बाईंनी दोनदा वाचली. ती चिकटपट्टी लावल्याची होती.

त्यांनी नखानं पट्टी उचकटली. "फिरव तुला हवं तसं."

नवीनं चाक टोकापर्यंत नेलं. "आता दिसतंय, बाई. अगदी स्वच्छ!"

बाईंनी मला तिच्या हातून घेतलं आणि चाक न हलवता स्वतः बघितलं. समोर नुसता हिरवा गोळा. त्या तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

"मला वाटायचं तुझं लक्ष नसतं. तुला लांबचं दिसतच नाही गं! चूक माझी. चल, आत्ताच तुझ्या आईला भेटू."

पंधरा दिवसांनी ती चष्मा लावून आली. मी तिच्या गळ्यात होते. मला उचलायच्या आतच ती थबकली.

"बाई, तिकडे, लव्हाळ्यात! कोंबडीपेक्षा जरा लहान. चोच लाल, टोक पिवळं. पोहताना मान पुढेमागे करतेय. आणि मागे पिल्लं आहेत!"

त्या बाजूला कुणीच बोट दाखवलं नव्हतं. पुस्तक उघडलं गेलं. बाईंनी हजेरीत 'नवी' खोडून 'पाणकोंबडी' लिहिलं. ते बघायला ती होतीच कुठे? मला गळ्यातून काढून गवतात टाकून ती पिल्लं मोजायला धावली होती, आणि तिच्या मागे सगळं मंडळ. माझ्या काचेवरून एक मुंगी निवांत फिरून गेली. इतकं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशानं झालेलं नाही.

आता माझा पट्टा तुटलाय, त्याजागी बुटाची नाडी आहे. उजव्या काचेला थोडी बुरशी धरलीय. तरी दर रविवारी माझ्यासाठी भांडणं होतात, म्हणजे माझं बरं चाललंय. तुमच्याकडे मागणं एवढंच. तळ्याकाठी गवतात मी बेवारशी पडलेली दिसले, तर कुणाला रागावू नका. जवळच कुठेतरी पोरं पक्षी बघत असतील. आवाज न करता त्यांच्या मागे जाऊन उभे राहा.