उत्तर न येणारा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. जाड कापडाला काळा रंग देऊन आणि दोन्ही टोकांना लाकडी दांडे ठोकून मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सुताराने मला घडवले. गुंडाळले की मी काखेत मावतो. त्यामुळे शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलींचा मी भारी लाडका होतो.

माझी मालकीण पुष्पलता. १९८७ साली ती शिक्षक प्रशिक्षण शाळेत होती. तिथे नुकताच व्हिडिओ आला होता. आदर्श पाठाची कॅसेट रोज लागे आणि पुष्पलता ती डोळ्यांत प्राण आणून पाही. काय तो वर्ग! वीस मुले, विसांचाही भांग नीट पाडलेला. बाई तीन सोपे प्रश्न विचारत, मुले पटापट उत्तरे देत. चौथा प्रश्न मुद्दाम अवघड. त्यावर सगळी शहाण्यासारखी गप्प बसत. मग बाई हसून म्हणत, "तर आज आपण हेच शिकू या." आणि पाठ सुरू होई. तासभरात एकालाही पाणी प्यायला जावेसे वाटत नसे!

पुष्पलताचा परीक्षेचा पाठ भरवेलीच्या शाळेत होता. आदल्या वर्षी ती नापास झाली होती आणि वडिलांनी बजावले होते, "यंदा बी राह्यली तं घरीच बस." बिचारीने आरशासमोर उभे राहून हसण्याचासुद्धा सराव केला. विषय कॅसेटमधलाच घेतला, मँगनीज. माझ्यावर त्याची खाणही कॅसेटमधल्यासारखीच काढली, एक मोठा खड्डा आणि कुदळ घेतलेली दोन माणसे.

वर्गात सत्तर मुले होती, बहुतेक खाणकामगारांची. मागे खुर्ची टाकून परीक्षक गुणाकर सर वही उघडून बसले. तीन प्रश्न सुरळीत झाले. मग तिने तो हुकमी चौथा टाकला, मँगनीज कशाच्या कामी येते?

सगळ्या वर्गाचे हात वर! पाठ हिंदीतून चालला होता, पण उत्साहाच्या भरात पोरांच्या तोंडी घरची भाषा आली.

"पोलाद बनवाले लागते, बहनजी!" उमा नावाची चिमुरडी ओरडली. "अन् टॉर्चच्या सेलातबी रायते! अन् आमची खदान अशी नाही. बाबा तं पिंजऱ्यात उभे राहून दोरानं जमिनीखाली जातेत!"

पुष्पलताचे अवसानच गळाले. जे शिकवायचे ते उमाने सांगून टाकले होते. सरांचे पेन भराभर चालले होते. मला तिची फार दया आली.

मग काय मनात आले कोण जाणे! तिने तो सुबक खड्डा पुसून टाकला आणि खडू उमाला दिला. "काढ बरं. मले बी शिकव."

मित्रांनो, काय धमाल उडाली म्हणून सांगू! उमाने पिंजरा काढला, महागूने बोगदा, कुणी डोक्यावरचा दिवा. पुष्पलता विचारत सुटली. "आत हवा कुठून येते? पाणी साचलं तं कुठं जाते?" पाण्याचे उत्तर कुणालाच येईना, तेव्हा ते घरी बाबांना विचारून यायचे ठरले. गलका ऐकून शेजारचे गुरुजी दारात आले. आणि गुणाकर सर? वही मिटून तेही पोरांत येऊन उभे राहिले.

शाळा सुटल्यावर तिने भीत भीत विचारले, "सर, माझा पाठ?"

"कॅसेटसारखा नाही झाला," सर म्हणाले. तिचा चेहरा उतरला. "पास आहात तुम्ही. पण त्या पाण्याचं उत्तर समजलं की मलेबी कळवा."

पुष्पलता बैहरकडच्या गावात शिक्षिका झाली आणि मला सोबत घेऊन गेली. आम्ही खूप वर्षे काम केले. आता भिंतीवर पक्का फळा आहे आणि मी तुमच्या वर्गातल्या कपाटावर धूळ खात पडलो आहे. कधी मला खाली काढलेत, तर नवा रंग जरूर द्या. मात्र खालच्या बाजूला दोन हात जास्त मारा. पुष्पलताबाई मला तुमच्याएवढ्या पोरांचे हात पोचतील इतका खाली टांगायच्या. मी झिजलो तो तिथेच.