सदर बालिका रुळलेली आहे

माझं अक्षर चांगलं आहे आणि भाषा त्याहून चांगली, हे आधीच सांगून टाकते, कारण घात त्यांनीच केला. मुलांच्या ताब्याचा दावा आला की नाशिकच्या कोर्टासाठी अहवाल मी लिहायचे. वकील म्हणायचे, शुभांगीबाईंचा कागद आला की पुढे बोलायला काही उरत नाही. मी फुशारून जायचे. लहान मुलांबद्दल मला काय कळत होतं? समाजकार्याची पदवी होती आणि घरी दोन भाचे होते, एवढंच.

१९९७च्या मे महिन्यात मैनाचं प्रकरण आलं. मैना अडीच वर्षांची, बाप वारलेला. आई भागीबाई पेठकडची, दिंडोरीला द्राक्षबागांत मजुरीला येणारी. तिला क्षयानं गाठलं आणि ती दहा महिने दवाखान्यात पडून होती. तेवढे दिवस पोर शिशुगृहात. भागीबाई बरी होऊन लेक मागायला आली, तोच चांदवडहून चुलत्यानं अर्ज केला. किशोर सरकारी खात्यात ड्रायव्हर, बायको पल्लवी, मूलबाळ नाही, घर पक्कं. माणसं वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. कोर्टानं मला विचारलं, पोरीची ओढ कुणाकडे?

ते शोधायला मला वीस मिनिटं पुरली. शिशुगृहाच्या व्हरांड्यात मी खुर्ची टाकून बसले. भागीबाईनं पानाच्या द्रोणात करवंदं आणली होती. मैनानं तिच्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि लाकडी ठोकळे एकावर एक रचू लागली. आईनं हाका मारल्या, हात पुढे केले, शेवटी फरशीवर फतकल मारून बसली. पोर ठोकळेच रचत होती. आई निघाली तेव्हाही रडली नाही.

"आमच्याकडं कोणतंच पोर रडत नाही," तिथल्या आया वत्सलाबाई अभिमानानं म्हणाल्या. तिथं दर महिन्याला आया बदलत. एकीचा लळा लागला की पुढे सोडताना पोरांना त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं. मला ती शिस्त फार आवडली.

अहवालात मी लिहिलं, 'सदर बालिका आईस ओळखत नाही. आई निघून जाताना बालिका रडली नाही. बालिका शांत व रुळलेली आहे.' भरल्या कोर्टात ते मोठ्यानं वाचलं गेलं. मैना चांदवडला गेली. आईला भेटीसाठी महिन्याचा पहिला रविवार मिळाला.

चार वर्षांनी आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं. आम्ही अहवाल लिहिणारे, शिशुगृहांच्या आया, दोन न्यायाधीशसुद्धा. विषय होता, तीन वर्षांखालच्या मुलांचं मन. एवढ्याशा पोरांना कसलं आलंय मन, असं मी शेजारणीच्या कानात म्हटलं आणि चहाची वाट बघत बसले.

मुंबईहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी टीव्हीवर कॅसेट लावली. एक मूल. आई बऱ्याच दिवसांनी परत येते, पण ते तिच्याकडे बघत नाही, खेळण्याशी चाळा करत राहतं. "काय वाटतं?" बाईंनी विचारलं. "शहाणं बाळ आहे," असं म्हणणारी पहिली मीच.

"अशा मुलांच्या छातीचे ठोके मोजलेत," त्या म्हणाल्या. "धाय मोकलून रडणाऱ्या मुलाइतकेच जोरात पडतात. हे बाळ आईला विसरलेलं नाही. रडून कुणी येत नाही, एवढं ते शिकलंय."

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! त्यातून बैलही माझा नव्हता. दुसऱ्या बाईची लेक मी घालवली होती, सुवाच्य अक्षरात. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत त्या दोन न्यायाधीशांपैकी एकांना गाठलं. ते म्हणाले, "अहवाल चुकला, असं तुम्ही लिहून द्या. पण ताब्यासाठी नवा अर्ज आईनंच करायला हवा." त्याच आठवड्यात अर्ज टाइप करून मी पेठची गाडी धरली.

भागीबाई ओसरीवर नागली पाखडत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"रविवारी जाता ना मैनाला भेटायला?" मी विचारलं.

"दोन येळा गेले. मंग नाय गेले."

"का?"

"तुमीच ल्हिलं ना, पोर वळखत नाय म्हणून. शिकलेल्या बाईनं ल्हिलं, साहेबानं वाचलं, ते खोटं कसं आसंल? म्हटलं, रुळली हाय तर कशाला जाऊन तरास द्यायचा लेकराला."

"भागीबाई, ती तुम्हाला ओळखत होती," मी म्हटलं. "रडून रडून थकली होती, म्हणून गप्प होती. चूक माझी झाली." आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून तिच्या जिवाला गारवा मिळेल. काय ही माझी अक्कल!

तिच्या हातातलं सूप खाली आलं. "म्हंजी ती माझी वाट बघत व्हती?"

"हो."

"आन मी चार वर्सं गेलेच नाय."

मी अर्ज पुढे केला. तिनं दोन्ही प्रतींवर नीट दाबून अंगठा दिला. मग शाईचा हात तसाच मांडीवर ठेवून म्हणाली, "पोर मला इसरली, पण सुखात हाय, येवढ्यावर मी झोपत व्हते, बाई. आता कशी झोपू?"