दवाखान्याच्या चौकटीतली लाल रेघ

"एकाच बाईले मागच्या साली सिकलसेल नाई, अन् यंदा आहे! रक्त काय सिमकार्ड आहे काय, बदलून आणाले?"

राजदीप हे कोणाला उद्देशून बोलला नव्हता, पण एका कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या लावल्या की कुरकुर शेजारणीच्याच कानात पडते. नागपूरहून आलेला हा इंजिनिअर तीन दिवस आमच्या प्लायवुड कारखान्याच्या ऑफिसात ठाण मांडून होता. २००७ साल. मालकांच्या पाचही कारखान्यांतली माणसं एकाच नकाशात बसवायची होती.

नकाशा म्हणजे पडद्यावर चौकटी. पगार, गेटपास, कँटीन, दवाखाना. मधून बाण. माणूस एका चौकटीत नोंदला की बाणावरून सगळीकडे पोचतो, नोकरी सुटली की सगळीकडून पुसला जातो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चौकटी मी एकेक ओढून सरळ लावल्या होत्या. टायपिंग तेवढं शिकलेली बाई मी, बाकीचं चुकतमाकत आलं. नव्यात एक बटण दाबलं की चौकटी आपोआप ओळीत उभ्या राहतात. थोडा अपमानच वाटला मला.

पण खरी करामत होती तालमीची. नकाशा चालू करण्याआधी एखादं नाव टाकून पाहायचं, त्या माणसाचं कुठे काय बदलणार ते आधीच दिसतं. दोन नोंदी एकमेकींशी भांडत असल्या तर रेघ लाल होते.

ही लाल रेघ रुखमाबाईची होती.

रुखमाबाई आमच्या कँटीनची. तिची धाकटी बहीण बायना पोंभुर्ण्याहून बाळंतपणाला आली होती. कारखान्याच्या दवाखान्याचं कार्ड बहिणीला मिळत नाही, म्हणून रुखमाबाईनं आपलं दिलं. यात नवल नव्हतं. कॉलनीत कार्ड शिडीसारखं फिरायचं, ज्याला चढायचं त्यानं मागून न्यावं. आमच्या हेडक्लार्क देवरावभाऊंना हे ठाऊक होतं. मला तर होतंच.

सिकलसेल होता बायनाला, कार्डावरची यंदाची नोंद तिच्याच रक्ताची, आणि उद्या सकाळी तिचं सिझर होतं. हा जन्माचा रक्ताचा आजार, भूल देण्याआधी डॉक्टरला तो माहीत असावाच लागतो. सर्जन चंद्रपूरहून येणार, माणसं ओळखत नाही, दवाखान्याच्या चौकटीतून छापलेला कागद वाचतो. आणि बायना तोंड उघडणार नव्हती. तोंड उघडलं की नावही उघडं पडायचं.

"जन्माची गोष्ट बदलत नाई," राजदीप म्हणाला. "नियम लावून देतो. पहिली नोंद खरी, नंतरची पुसा."

त्यानं माऊस दाबला. रेघ हिरवी झाली. सिकलसेल: नाही.

"टायपिंगची चूक होती ते," देवरावभाऊ वर न बघता म्हणाले. "चाला, पुढचं घ्या. चार वाजता चालू कराचं आहे."

पावणेतीन झाले होते. मी उठले, माठातलं पाणी प्याले, परत बसले.

"एकदा परत चालवा."

चालवलं. नाही.

"अजून एकदा."

"निशातबाई, पाहून पाहून का रेघ रंग बदलन?"

मी पुन्हा उठले. खिडकी लावली, उकडलं म्हणून परत उघडली. बोलावं तर रुखमाबाईची नोकरी जाणार, आणि एक कार्ड निघालं की मागोमाग कॉलनीतली सगळी निघणार. त्यात माझंही. न बोलावं तर उद्याच्या कागदावर 'नाही'.

"बाई, बसा न एका जागी," देवरावभाऊ म्हणाले. "तुमच्यानं पंखासुद्धा घाबरून राह्यला."

तेवढ्यात रुखमाबाईच चहा घेऊन आली. चौथीपर्यंत शिकलेली, पण पडद्यावरचं आपलं नाव तिनं दारातूनच ओळखलं.

"माह्या नावाचं काय करून राह्यले, साहेब?"

"दुरुस्त करून राह्यलो. तुम्हाले सिकलसेल नाई न?"

"मले?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे. "मले... नाई."

"मंग झालं!" राजदीप खूश. "चुकीचं लिवलं होतं, काढून टाकलं."

"काढलं?" ती पडद्याजवळ आली.

"चाय ठेव अन् जाय बाई तू," देवरावभाऊ घाईनं म्हणाले.

ती गेली नाही. मीही या खेपेला उठले नाही.

"राजदीप, माझं नाव टाका."

"तुमचं कायले?"

"टाका तर."

त्यानं टाकलं. दवाखान्याच्या चौकटीत लाल रेघ. डावा डोळा, मोतीबिंदू काढला, २००४. खाली यंदाची तपासणी, मोतीबिंदूची सुरुवात, तोच डोळा. राजदीप खुर्ची फिरवून माझ्या डाव्या डोळ्यात बघत राहिला. डॉक्टरसुद्धा इतकं बघत नाहीत.

"बाई, काढलेला मोतीबिंदू परत येते काय?"

"येत नाही," मी म्हणाले.

देवरावभाऊंनी पेन खाली ठेवलं. माझ्या कार्डावर काढलेला तो मोतीबिंदू माझ्या नणंदेचा होता, जमीलाचा. एवढंच सांगायचं होतं, आणि मी परत माठाकडे बघायला लागले.

रुखमाबाईनं किटली टेबलावर ठेवली. पदराला हात पुसले.

"दवाखान्यात निजली हाये ते मी नाई, साहेब," ती म्हणाली. "ते माही लहान बहीण होय, बायना. सिकलसेल तिले हाये. तिचं नाव लिवा."