दोरिकाची कबर खणताना

दुपार कलायला लागली तरी कबरस्तानाकडून कुदळीचा आवाज आला नव्हता.

घरात बायकांचं रडणं चाललं होतं. केफासीची बायको दोरिका आदल्या संध्याकाळी गेली होती, आणि दिवस असे तापलेले की मातीच्या भिंतींनाही हात लावता येत नव्हता. शवपेटीवर खिळे ठोकले होते तरी माशा जमू लागल्या होत्या. मेव्हणी एस्तेरे दारात येऊन केफासीला म्हणाली, "दाजी, माझ्या बहिणीला आज पुरायचंय की वाळवायचंय? जाऊन बघा तरी!"

केफासी उठला. कबरस्तान गावाबाहेर, दाट राईत. तिथं एका झाडाखाली गावची खणणारी पोरं बसली होती. गाव त्यांना नातवंडं म्हणतं, कारण मेलेला कुणीही असो, आपलाच आजा गेल्यासारखं ती खणतात. पण आज कुदळी बुंध्याला टेकवलेल्या होत्या, आणि पोरं जमिनीत खळगे करून बियांचा डाव मांडून बसली होती.

"या काका, सावलीला बसा," त्यांचा म्होरक्या मसाउको म्हणाला.

"अजून सुरुवात नाही केली, मसाउको?"

"पुढाऱ्यांची वाट बघतोय. आम्ही पडलो अडाणी. खड्डा कुठनं सुरू करायचा, ते कुणी शिकलेलं सांगेल तर बरं."

बाकीची हसली, पण मान वर करून कुणी हसलं नाही. केफासीला कळायचं ते कळलं.

मका घरात आल्यावर त्यानं चर्चमध्ये तरुणांसाठी नेतृत्वाचा वर्ग सुरू केला होता. चर्चच्या मंडळीचा तो वडील, म्हणजे कारभार बघणारा ज्येष्ठ. पाळक झोम्बा शहरातून महिन्यातून एकदा प्रवचनाला येणार, बाकी सगळा भार त्याच्यावर. धडधाकट पोरं जोहान्सबर्गची वाट धरत होती, आणि उरलेली मागच्या बाकावर माना खाली घालून बसत. आपण डोळे मिटल्यावर मंडळी कोण सांभाळणार, या विचारानं त्याला झोप लागत नसे. म्हणून दर शनिवारी वर्ग. चार माणसांपुढं कसं बोलायचं, सभा कशी चालवायची, भांडण कसं मिटवायचं. पोरं खुलली. लिंबिकानी नावाचा शिंप्याचा मुलगा, आधी 'आमेन' म्हणतानाही अडखळायचा, तो उभा राहून बोलायला लागला तर म्हाताऱ्या कानामागं हात धरून ऐकायच्या. केफासीनं नियम एकच घातला होता. वर्ग चुकवला की वर्गातून बाहेर.

अशाच एका शनिवारी मसाउकोच्या बापाला पुरायचं होतं. निरोप आला तेव्हा लिंबिकानीनं विचारलं होतं, "बाबा, आम्ही खणायला जाऊ ना?"

"गावात हात काय कमी आहेत?" केफासी म्हणाला होता. "मयताचा ढोल वाजला की धावत सुटतो, तो पुढारी नव्हे. बसा."

पोरं बसली. पुढच्या मयतांनाही बसली. दोरिका मात्र डोक्यावर पिठाची टोपली घेऊन प्रत्येक घरी गेली आणि बायकांच्या चटईवर रात्र काढून आली. "तुमच्या वाटचंही मीच रडून आले," ती म्हणायची. केफासी हसण्यावारी न्यायचा.

आता तो मसाउकोसमोर उभा होता. "दंड सांग. बकरा सांग. आत्ता आणून बांधतो."

"बकरा आम्ही खाऊ, काका. पुढं काय? बाप उन्हात पडला होता, आणि आम्ही मोजकी माणसं खडकाशी झुंजत होतो. तळहात फुटले. वाऱ्यावर तुमच्या वर्गातल्या टाळ्या ऐकू येत होत्या." त्यानं हातातली बी खळग्यात टाकली. "काकूंबद्दल मनात काही नाही. त्या आल्या होत्या. पण खणायचं ते तुमच्यासाठी ना?"

"मग माझी पोरं खणतील," केफासी म्हणाला. हे बोलताना त्याचा आवाज चढला होता.

"खणू द्या की. राई सगळ्यांची आहे."

तो घरी परतला तेव्हा वर्गातली पोरं पांढरे सदरे घालून अंगणात उभी होती. नातवंडांना बकराही नको, असं सांगत केफासीनं त्यांना कुदळी दिल्या. ती निघाली, पण राईत पोचल्यावर आधी त्यांनी घोळका करून चर्चा केली, कोण आखणार, कोण माती उपसणार. नातवंडं झाडाखालून बघत होती. "हात वर करा रे, मत द्या!" त्यांच्यातलं कुणीतरी ओरडलं, आणि लिंबिकानीचं तोंड काळवंडलं.

वरची माती भुसभुशीत निघाली म्हणून पोरांना हुरूप आला. पण इथली कबर नुसता खड्डा नसते. तळाशी एका अंगाला पोटखोली कोरायची, पेटी तिच्यात सरकवायची आणि तोंडाशी फळ्या लावायच्या, म्हणजे माती माणसावर पडत नाही. ती खोली कोरायला घेतली आणि कड ढासळली. एक पोरगा कमरेपर्यंत गाडला गेला. त्याला ओढून काढलं, पुन्हा खणलं, पुन्हा ढासळली. सूर्य डोंगराला टेकत आला होता. सूर्य बुडाल्यावर पुरायचं नाही, हा गावचा कायदा. आणि दोरिकाची पेटी आणखी एक रात्र घरात ठेवण्यासारखी उरली नव्हती. वास अंगणापर्यंत आला होता.

लिंबिकानी खड्ड्यातून वर आला. केफासीकडं त्यानं पाहिलंही नाही. सरळ झाडाखाली जाऊन मसाउकोपुढं गुडघे टेकले.

"दादा, चुकलं आमचं. त्या शनिवारी आम्ही यायला हवं होतं. उद्यापासून जिथं तुम्ही बोलवाल तिथं येऊ. आज मात्र उठा."

"ऊठ लिंबिकानी!" केफासी ओरडला. "माफी मागायची ती मी मागीन."

"तुम्ही बकरा देऊ केलात, बाबा," लिंबिकानी गुडघ्यावरूनच म्हणाला.

मसाउकोनं डाव मोडला. नातवंडांनी कुदळी उचलल्या, खड्ड्यात उतरली आणि बोलायची थांबली. त्यांचे हात कसे चालत होते ते केफासी काठावरून बघत होता. पण ऊन त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. थोड्या वेळानं मसाउको मान वर करून म्हणाला, "काका, पोटखोली होत नाही. माती बसायला वेळ लागतो. तशीच पुरायची की उद्यापर्यंत ठेवायची? तुम्ही सांगा."

सगळे त्याच्याकडं बघत होते. एस्तेरे पेटीबरोबर आली होती, तिनं नाकाशी पदर धरला होता.

"पुरा," केफासी म्हणाला.

पेटी दोरांनी खाली सोडली. आडव्या फळ्या लावायला जागाच नव्हती. पहिलं ढेकूळ झाकणावर पडलं, तसा पोकळ लाकडाचा आवाज झाला, आणि एस्तेरे खाली बसली. मग ढेकळांमागून ढेकळं. माती भरेपर्यंत तो आवाज येत राहिला. केफासीनं कानावर हात नेले नाहीत.

शेवटची प्रार्थना मंडळीच्या वडिलानं करायची असते. त्यानं टोपी काढली, पण तोवर मसाउकोनं कुदळ खांद्यावर टाकली होती. नातवंडं निघाली. पांढरे सदरे मातीत माखलेली वर्गातली पोरं क्षणभर घुटमळली, मग लिंबिकानीमागून तीही गेली.

केफासी प्रार्थना म्हणू लागला. तो नुसता पुटपुटत होता.

"मोठ्यानं म्हणा, दाजी," मातीवर बसलेली एस्तेरे म्हणाली. "तिला कमी ऐकू येत होतं."