कडी कोणत्या बाजूला?

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! खोटं असेल तर माझी कवळी आत्ता गळून पडो.

चाळीस वर्षं कुलपांचं दुकान चालवलं मी. आमच्या वीस घरांच्या इमारतीत सभा भरली, मुलांच्या सुरक्षेची. संशयित कोण? भंगारवाला, फुगेवाला आणि कोपऱ्यावरचा दारुडा, ज्याला स्वतःची चप्पल सापडत नाही तो! अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले, "आपण सगळी सभ्य माणसं. धोका बाहेरून." टाळ्या! घरटी एक कुलूप, हत्तीला घालावं एवढं.

मी कुलपं बसवत फिरले. मोठी माणसं चहा टाकायला वळली, की पोरं हळूच जवळ यायची. "आजी, माझ्या खोलीला कडी लावाल? आतून." अशी चार पोरं. एकाला तर मिसरूड फुटलेली. "कुणासाठी रे?" विचारलं, तर बुटांकडे बघत बसला.

घरी आले, तर आमची नऊ वर्षांची नात म्हणते, "आजी, रविवारच्या आत मलाही लाव. काका मांडीवरून सोडतच नाही."

काका म्हणजे तिच्या बापाचा मावसभाऊ. खाऊ आणणारा, लाडका. आमच्या घराची किल्लीसुद्धा त्याच्याकडे!

मुलगा उसळला, "आई, काहीतरीच! घरचा माणूस आहे तो."

"अरे शहाण्या, चोरासाठी बाहेर कुलूप लावतात. आतून कडी लागते ती घरच्याच माणसासाठी."

सून भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "मीही मागितली होती कडी, लहानपणी. आई म्हणाली, हट्ट करू नकोस."

नळ वाहतच राहिला.

नातीला कडी नाही लावली मी. तिनं का कोंडून घ्यावं? दाराचं कुलूपच बदललं. रविवारी काका किल्ली फिरवतोय, फुंकर मारतोय, पुन्हा फिरवतोय! मुलगा आतून गरजला, "तुझी किल्ली इथं चालत नाही आता. का, ते तुला चांगलं ठाऊक आहे." नातीनं माझा पदर सोडला तो तेव्हा.

मग बाकीच्या पोरांच्या घरी गेले. कुणी ऐकलं, कुणी रडलं. अध्यक्षांनी दार माझ्याच तोंडावर आपटलं. वर कुलूपही माझंच!

बरं, एक थाप मारली. पोरं चार नव्हती, सात होती. चार म्हटलं की माणसं हळहळतात. सात म्हटलं की म्हणतात, म्हातारी फेकते.