अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही

मित्रांनो, मी एक जुनं पितळी ओगराळं. शिवाजी पेठेतल्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं, तेव्हा माझा उभा दांडा बघून गिऱ्हाईक म्हणालं होतं, "काय रुबाब हाय!" त्या कौतुकानं मी थोडं शेफारलं, हे कबूल.

गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका हॉटेलात पांढरा रस्सा ढवळतंय आणि वाढतंय. इथले मुख्य आचारी गुंडूअण्णा. त्यांचा दंडक एकच: मला आणि रश्श्याच्या शेगडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. अण्णांनी स्वतः वर्षभर कांदे सोलले, तेव्हा कुठं त्यांच्या उस्तादानं त्यांना ओगराळं धरू दिलं होतं. आपण सोसलं ते पुढच्यानंही सोसावं, हा त्यांचा न्याय. कॉलेजातून शिकाऊ मुलं यायची, कांदे सोलून डोळे पुसायची आणि निघून जायची. गेल्या साली आलेला आदर्श नावाचा मुलगा आता मोबाईलची कव्हरं विकतो. मला मात्र आपल्या मानाचं कौतुकच वाटायचं.

यंदा हुपरीची तेजस्वी आली, हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाची. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणातले दोन महिने लसूण सोलण्यातच गेले. शनिवारी भांडी विसळताना ती फोनवर आईला म्हणाली, "ही लाईन माझी न्हवंच गं. सोमवारी कॉलेजातनं नाव काढून घेतो."

रविवारी जावळाच्या जेवणाची नव्वद पानं होती. अण्णांनी मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध ओतलं, मला पातेल्यावर आडवं ठेवलं आणि यजमानांनी बोलावलं म्हणून ते बाहेर गेले. तेवढ्यात रस्सा कडेनं हलू लागला. नारळाचं दूध पडल्यावर रस्सा उकळला की फुटतो, हे तेजस्वीला ठाऊक होतं. तिचा हात माझ्यापर्यंत आला. मी मनातल्या मनात ओरडलं, अगं, धर मला! पण तिनं हात मागे घेतला आणि ती अण्णांना बोलवायला पळाली.

दोघं येईपर्यंत पातेल्यात पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे झाला होता.

"ढवळायला काय झालतं तुला?" अण्णा गरजले.

"तुम्हीच म्हणालता की, हात लावायचा न्हाय!" तेजस्वीनं मान खाली घातली नाही.

बाहेर पंगत बसली होती. मला माझ्या मानाची पहिल्यांदाच लाज वाटली. अण्णांनी मटणाचं उरलेलं पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतलं आणि मला उचलून तिच्यापुढं धरलं.

"धर. आता तू कर. मी नुसता नारळ पिळतो."

अण्णांनी नारळाचं दूध ओतलं आणि ती मला घट्ट धरून ढवळत राहिली. "पांढरा कुठं हाय?" बाहेरून हाका येत होत्या. ती जागची हलली नाही. कडेला पहिला बुडबुडा दिसला आणि अण्णांनी तोंड उघडायच्या आत तिनं आच कमी केली. रस्सा एकजीव राहिला. अण्णांनी चव घेतली आणि म्हणाले, "वाढ."

नव्वद पानांना तिनंच वाढलं. एका आजोबांनी तर तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. पातेलं रिकामं झाल्यावर तिनं मला चिंचेनं घासलं आणि विचारलं, "अण्णा, उद्या तांबडा शिकवणार न्हवं?"

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझा दांडा वाकला तरी चालेल. पण तुमच्याकडे कुणी काम शिकायला आलं, तर मला त्याच्या हातात द्या. एखादा रस्सा फुटेल. तो पुन्हा करता येतो, पण विटून गेलेलं पोर परत येत नाही.