पेंढ्यावर धावलेली स्टेपनी

मी एक जुनी स्टेपनी आहे. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो. गाडीला चार चाकं असतात हे तुम्हाला शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं, पण पाचव्याचं नाव काढलं की मोठी माणसंसुद्धा डोकं खाजवतात. ते पाचवं चाक म्हणजे मी. चौघांपैकी एखाद्याला खिळा लागला की त्याच्या जागी धावायचं, एवढंच माझं काम. बाकी सगळा वेळ वाट पाहायची. वाट पाहणं हे मोठं कष्टाचं काम आहे आणि त्याची मजुरी कुणी देत नाही.

रबर, तारा आणि सुताचे धागे साच्यात भाजून मला घडवलं. पुढे कल्याणच्या एका दुकानातून मी एका जुन्या जीपच्या पाठीवर आले आणि नटांनी घट्ट आवळली गेले. ती जीप भगीरथने घेतली. सापगावच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला त्याचं घर. १९९२ साल असेल. भातशेती सांभाळून तो शहापूर ते मुरबाड माणसं ने-आण करायचा.

माझं तोंड मागच्या बाजूला. त्यामुळे येणारा रस्ता मला कधी दिसलाच नाही. दिसायचा तो मागे पडलेला रस्ता, धूळ आणि हात हलवणारी माणसं. पुढची चाकं मला टोमणे मारायची, "आमी झिजतो, ही बसून खाते." खरं तर धावायला मी किती आतुर होते, ते माझं मलाच ठाऊक.

भगीरथसारखा मालक मात्र मिळणार नाही. सकाळी इंजिन थंड असतानाच तो रेडिएटरमधलं पाणी बघायचा. ऑईलची पट्टी काढून फडक्याने पुसायचा, पुन्हा बुडवून बघायचा. चाकांचे नट हाताने चाचपायचा. टायर एकाच बाजूने झिजू नयेत म्हणून चारही चाकांच्या जागा अधूनमधून बदलायचा. ब्रेकचा आवाज जरा वेगळा आला तर त्याचं जेवणात लक्ष नसायचं. त्याची बायको कमळ म्हणायची, "माझा ताप चढला तर कळाला नाय तुमाला, गाडीचा बरा कळतो!" आणि हसायची. तिनेच पोत्यात पेंढा कोंबून जीपच्या मागच्या बाकांच्या गाद्या शिवल्या होत्या. त्या गाद्यांवर बसलेला माणूस खड्ड्यांची तक्रार करत नसे.

एका दसऱ्याला भगीरथच्या मनात आलं, की स्टेपनी अशी उघडी बरी दिसत नाही. मुरबाडच्या जयराम पेंटरकडून त्याने माझ्यासाठी कव्हर करून घेतलं. जयरामने त्यावर गावदेवी काढली. मोठे मोठे डोळे, नाकात नथ, हिरवी साडी. चित्र इतकं सुंदर झालं की स्वतः जयरामच पाया पडला.

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. जीपमध्ये चढणारा प्रत्येक जण आधी मागे येऊन मला हात जोडायचा. रोज झेंडूचा नाहीतर जास्वंदीचा हार. कुंकू, कधी नारळ. बाजाराला निघालेल्या बाया आपल्या कोंबड्यांचं चांगलं व्हावं म्हणून मला साकडं घालायच्या. चारही चाकं चिडीचूप झाली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, देवीच्या अंगावरचं वस्त्र कोण काढणार? कव्हर काढायला कुणी धजेना. भगीरथ चार चाकांची हवा तपासायचा आणि माझ्यापाशी आला की नमस्कार करून पुढे जायचा. माझ्या व्हॉल्व्हमधून हवा थोडी थोडी झिरपत होती. मला ते कळत होतं. वरून हार चढत होते आणि आतून मी बसत चालले होते. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण चाकाला आवाज कुठला!

भगीरथची मुलगी हर्षाली कबड्डी खेळायची. काय पोरगी होती! चढाईला निघाली की समोरच्या पोरी दोन पावलं मागे सरायच्या. पण घरात काका, आत्या कुरकुर करू लागले, की मोठी झाली, आता खेळ पुरे. शेवटी भगीरथने तोडगा काढला. यंदा मुरबाडच्या स्पर्धेत जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळायचं, नाहीतर कबड्डी कायमची बंद. हर्षालीने मान डोलावली. त्या दिवसापासून ती पहाटे शेताच्या बांधावरून धावायला लागली. परत येताना रोज मला नमस्कार करायची. मी तिला मनापासून आशीर्वाद द्यायचे. माझ्याकडे द्यायला दुसरं होतं तरी काय!

स्पर्धेच्या दिवशी अख्खा संघ जीपमध्ये कोंबला. कमळ भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन सोबत निघाली. पोरी गाणी म्हणत होत्या. निम्म्या वाटेत समोरून आलेल्या ट्रकला जागा द्यायला भगीरथने गाडी कडेला घेतली आणि एका धारदार दगडाने पुढच्या डाव्या चाकाची कड टराटरा फाटली. जीप लंगडत थांबली.

"काय नाय, काय नाय. स्टेपनी हाय ना!" म्हणत भगीरथ माझ्याकडे आला. पण कव्हरला हात लावताना घुटमळला. हर्षालीने मात्र एकदा हात जोडले आणि कव्हर ओढून काढलं. भगीरथने मला अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला. माझ्यात हवाच नव्हती.

तो मटकन खाली बसला. "चार चाकांना जपला, हिलाच इसरलो," तो म्हणाला.

पंप नव्हता. गाडी उचलायचा जॅक गावातल्या गणूच्या टेंपोला दिलेला, तो परत आला नव्हता. टायरवाला थेट मुरबाडात, आणि एसटी नुकतीच पुढे गेलेली. वेळेत पोचलं नाही तर समोरच्या संघाला न खेळताच पुढे चाल मिळणार होती. हर्षाली रस्त्याकडे पाहत उभी राहिली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

तोडगा सुचला तो कमळला. बाजूच्या शेतात पेंढ्याची उडवी उभी होती. तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अवो, गादीत पेंढा भरला तं माणूस बसतो. मंग चाकात भरला तं गाडी नाय का बसायची?"

भगीरथने तिच्याकडे पाहिलं आणि उठला. शेत कोंडूचं होतं. तो धावत आला. "अरे, माझ्या बैलांचा घास हाय तो!" मग सगळा प्रकार ऐकला आणि स्वतःच पहार घेऊन आला. "घ्या गो पोरींनो. बैल आज थोडा कमी खातील."

टायरची कड रिंगवरून सुटायला माझ्यावर जोराने नाचायला हवं होतं. भगीरथ अडला, "पाय नको लावू गो, देवीची जागा हाय ती!" कमळने कव्हर उचललं, झटकलं आणि उडवीवर नीट टेकवून ठेवलं. "देवी हितं बसल. तुमी चाकावर नाचा."

आणि पोरी नाचल्या! ज्या पायांनी मैदान गाजवायचं, त्या पायांनी माझी कड रिंगवरून सोडवली. कोंडूने पहारीने टायर उचकटला, फुसकी ट्यूब बाहेर काढली आणि सगळे पेंढा कोंबू लागले. मुठीने, काठीने, ठोसे मारून. मी फुगत गेले. मला आयुष्यात इतकं भरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

जॅक नव्हताच. हर्षाली म्हणाली, "बाबा, दगड घेऊन बसा. आमी उचलतो." सगळ्या पोरींनी जीपला पंजे घातले आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणत एका दमात तिचा कोपरा उचलला. भगीरथने भराभर दगड सारले. कोंडूचं तोंड उघडंच राहिलं. अशा पोरी जिथे असतील तिथे मी कितीही दिवस वाट पाहायला तयार आहे.

मला पुढच्या जागी बसवलं. मित्रांनो, त्या दिवशी प्रथमच मला येणारा रस्ता दिसला. भगीरथ हळू, फार हळू गाडी चालवत होता. मी थडथडत होते, आत पेंढा चुरगळत होता, अंग तापलं होतं. पण मी धावत होते! ओशाळलेली इतर चाकं माझ्या चालीने चालत होती.

मैदानावर पंच शिट्टी तोंडात धरून उभेच होते. पोरींनी चालत्या जीपमधून उड्या टाकल्या. हर्षालीच्या केसांत पेंढा अडकला होता. तसाच घेऊन ती चढाईला गेली आणि दोघींना बाद करून परत आली. संध्याकाळी जिल्ह्याच्या संघात तिचं नाव पुकारलं, तेव्हा भगीरथ माझ्याजवळ उभा होता. माझ्यावर हात ठेवून तो रडला.

घरी गेल्यावर मला नवी ट्यूब आणि नवा व्हॉल्व्ह मिळाला. देवीचं कव्हर कमळने घरात भिंतीवर लावलं. देवी घरात, मी गाडीवर. तेव्हापासून जागा बदलताना माझाही नंबर लागू लागला. कधी मी मागे, कधी पुढे. पंप आला, गणूकडून जॅकही परत आला. दर दसऱ्याला कमळ कुंकवाची वाटी घेऊन माझ्यापाशी यायची आणि आधी विचारायची, "हवा बघितली? मंग लावते."

आता ती जीप नाही, पण मला हर्षालीने ठेवून घेतलं. हर्षाली शाळेत खेळ शिकवते. तिच्या शाळेतल्या मुली मला दोर बांधून मैदानभर ओढतात, पायांत ताकद यावी म्हणून. झिजून मी गुळगुळीत झाले आहे, पण रोज धावते.

गेल्याच आठवड्यात मुलींना सामन्याला न्यायचं होतं. हर्षालीने आपल्या छोट्या गाडीची डिकी उघडली, सतरंजी बाजूला सारली आणि खालच्या तरुण स्टेपनीला अंगठ्याने दाबलं. ती जरा मऊ लागली. मुली घाई करू लागल्या, "बाई, टाइम झाला!"

"होऊ दे. हिला भरल्याबिगर गाडी हलणार नाय," हर्षाली म्हणाली आणि पंप घेऊन बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी गाडी येईल. तिला पुसा, सजवा, हार घाला. पण निघण्याआधी डिकी उघडून माझ्या त्या बहिणीलाही एकदा भेटा. ती काही मागणार नाही. आम्हाला बोलता येत नाही. अंगठ्याने दाबून पाहा, कळेल.